७६७ बाइटांची मर्यादा : एका स्थापना-दोषाचा इतिहास

२०१७ च्या जानेवारीत ‘लाराव्हेल’ या पीएचपी भाषेतील रचनासंचाची ५.४ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली, आणि तिच्या आधारे नवी प्रणाली स्थापन करू पाहणाऱ्या अनेकांचे काम आरंभीच्याच कोष्टकापाशी अडले. समोर येणारा १०७१ क्रमांकाचा दोष-संदेश एवढेच सांगे की, इंडेक्स फार लांब असून कमाल मर्यादा ७६७ बाइटांची आहे. डेटाबेसच्या आवृत्तीचा त्यात उल्लेखही नसे. वस्तुतः दोषाचे मूळ आवृत्तीतच होते.

ते समजण्यासाठी २००२ पर्यंत मागे जावे लागते. मायएसक्यूएलची ४.१ ही आवृत्ती तेव्हा घडत होती. तीत ‘यूटीएफ८’ या नावाने जी अक्षरसंकेत-पद्धती आली, तिने प्रत्येक अक्षरास तीनच बाइट देऊ केले. पुढे २००३ मध्ये यूटीएफ-८ चे जे प्रमाण ठरले, त्यात मात्र चार बाइटांपर्यंत मुभा होती. ही उणीव २०१० मध्ये ५.५.३ या आवृत्तीतील ‘यूटीएफ८एमबी४’ने भरून निघाली, पण इंडेक्सची जुनी मर्यादा तशीच राहिली. २५५ अक्षरांना तीनप्रमाणे ७६५ बाइट लागत व ते मर्यादेत बसत. चारप्रमाणे १०२० होतात व बसत नाहीत. २०१५ च्या ५.७ मालिकेत ही मर्यादा ३०७२ बाइटांवर गेली. लाराव्हेलने नवी पद्धती गृहीत धरली होती. पुष्कळ ठिकाणी डेटाबेस मात्र त्यापूर्वीचा होता. विसंगती ती एवढीच.

उपाय तीन संभवत. डेटाबेसची आवृत्ती वाढविणे हा मूलगामी. अक्षरसंख्या १९१ वर आणणे हा तडजोडीचा. आणि जुन्या तीन-बाइटी पद्धतीकडे परतणे हा सर्वांत सोपा. तिसऱ्याने स्थापना निर्विघ्न पार पडते, पण त्याची किंमत नंतर मोजावी लागते. देवनागरी अक्षर तीन बाइटांत मावते, म्हणून मराठी मजकुरात उणीव चटकन दिसत नाही. मोडीची गोष्ट वेगळी. २०१४ मध्ये युनिकोड ७.० मध्ये समाविष्ट झालेल्या या लिपीच्या प्रत्येक अक्षरास चार बाइट लागतात. पेशवे दप्तरातील एखाद्या कागदाचा मोडी पाठ अशा कोष्टकात घातला, तर कडक तपासणी चालू असल्यास डेटाबेस तो नाकारतो. ती बंद असल्यास पहिल्या मोडी अक्षरापासून पुढचा सर्व मजकूर गळतो, आणि मागे केवळ एक सूचना उरते.

तात्पर्य, दोष नाहीसा होणे आणि दोषाचे कारण नाहीसे होणे या भिन्न गोष्टी होत. संदेशातील आकड्याशी झगडण्यापूर्वी डेटाबेसची आवृत्ती विचारून घेणे, आणि ती आवृत्ती कोणत्या काळच्या गृहीतांवर उभी आहे हे पाहणे, ही या इतिहासाची शिकवण आहे. कागदपत्रांच्या अभ्यासकास ती अपरिचित वाटू नये. साधनाचा काळ ठरविल्यावाचून त्याचा अर्थ लागत नाही, हेच सूत्र येथेही लागू पडते.