तीन हजाराच्या दोन फोडी

आमच्या क्षेत्रात इंटरव्ह्यूला एक प्रश्न हमखास असतो. आकड्यांची एक यादी आणि एक बेरीज दिलेली, त्या बेरजेच्या जोड्या शोधा. मलाही विचारला होता, आता मी दुसऱ्यांना विचारतो! उत्तर सोपं आहे : बेरजेतून हातातला आकडा वजा करायचा आणि उरलेला यादीत आहे का ते बघायचं.

मागच्या शनिवारी जुन्नरहून घाटघरमार्गे नाणेघाटात गेलो, तर हाच प्रश्न भिंतीवर! तिथल्या गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा शिलालेख आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञात काय काय दान दिलं त्याचा हिशेबच आहे तो. चांदीच्या कुंभी १७, गाई १७००. पण शून्य नाही, त्यामुळे स्थानाची किंमतही नाही. १७ म्हणजे दहाचं चिन्ह आणि पुढे सातचं. १७०० म्हणजे हजाराचं चिन्ह आणि पुढे सातशेचं, आणि ते सातशे म्हणजे शंभराच्या चिन्हाला जोडलेला सात. १७ च्या जोड्या आठ होतात (१ + १६ पासून ८ + ९ पर्यंत), कोरणाऱ्याला मात्र एकच चालते. हे चिन्हांचं कोडं पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८७६ साली मांडलं.

येताना जुन्नरच्या मानमोडी लेण्यांचा डोंगर दिसला. तिथे क्षत्रप नहपानाच्या अयम नावाच्या अमात्याचा लेख आहे. ह्याच नहपानाचा जावई उषवदात. त्याचा लेख नाशिकच्या पांडवलेण्यात, १० नंबरच्या लेण्यात. तो मला जास्त आवडतो, कारण तिथे जोडी मुद्दाम निवडलेली आहे.

उषवदाताने भिक्षूंसाठी ३००० कार्षापण कायमचे ठेवले. विणकरांच्या एका श्रेणीकडे २०००, महिना शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १०००, शेकडा पाऊण व्याजाने (लेखात शब्द आहे ‘पायून’. आपली पाऊण तेव्हापासूनची!). मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज खायचं.

३००० च्या जोड्या दीड हजार. मग २००० आणि १०००च का? लेखातच पुढे आहे, लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. म्हणजे वर्षाला २४०. दोन हजारांचं व्याज महिना वीस, वर्षाचे २४०! एक पैचा फरक नाही. उरलेल्या हजाराचे वर्षाला ९० ‘कुशणमूल’ नावाच्या खर्चाला.

मी मात्र तिथेच अडकलो. सगळे ३००० पहिल्या श्रेणीकडे ठेवले असते तर ३६० मिळाले असते, इथे मिळतात ३३०. जावईबापूंनी वर्षाला तीस का सोडले? माझा अंदाज, पहिल्या विणकरांनी दोन हजारांच्या वर घ्यायला नकार दिला असावा.