शिंदेशाहीचे शिलेदार आणि घरोघरची दप्तरे

उज्जैनचे जुने शहर आणि फ्रीगंज यांच्या मधून आज लोहमार्ग जातो. परंतु दोहोंकडील अनेक मराठी घराण्यांचे मूळ एकाच घटनेत आहे. अठराव्या शतकात शिंद्यांची घोडी माळव्यात आली आणि त्यांच्यामागून ही घराणीही आली. राणोजी शिंदे यांनी उज्जैन हे आपले ठाणे केले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी श्रीमहाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. गोमंतकातील केरी गावचे जिवबादादा बक्षी शिंद्यांच्या सेनापतिपदास पोचले. १७९० मधील पाटण व मेडता येथील लढायांत आणि १७९५ मधील खर्ड्याच्या संग्रामात त्यांनी पराक्रम गाजविला.

सेनापतींची नावे इतिहासाने जपली; शिलेदारांचे तसे झाले नाही. बारगिराचे घोडे सरकारचे असे. शिलेदार मात्र स्वतःचे घोडे व हत्यारे घेऊन आपखुशीने चाकरीस येई. रणांगणात घोडे पडले, तर बहुधा तो तोटा त्याच्याच घराला सोसावा लागे. नवे घोडे घेण्याची ऐपत नसल्यास शिलेदारास बारगीर व्हावे लागे. एका घोड्याच्या मृत्यूने घराण्याची प्रतिष्ठा एक पायरी उतरत असे!

पुढे ग्वाल्हेर संस्थानात कवायती रिसाले उभे राहिले. संस्थानी फौजा १९५१ मध्ये भारतीय सैन्यात विलीन झाल्या, आणि १९५३ मध्ये ग्वाल्हेर लान्सर्ससह अन्य संस्थानी घोडदळांतून आजचे एकसष्टावे घोडदळ आकारास आले. कवायती रिसाल्याचा वारसा त्याची पलटण सांभाळते. विखुरलेल्या शिलेदारांचा वारसा कोणी सांभाळावयाचा?

त्यांची पलटण म्हणजे त्यांचे घर. सनदा, वेतनाच्या याद्या, घोडेखरेदीचे कागद आणि रणभूमीवरून आलेली पत्रे हेच त्यांचे दप्तर. त्यातील बहुतेक लेखन मोडीत आहे. मोडी वाचणारे विरळ झाल्यामुळे अशी रुमाले अडगळीत पडतात आणि अखेर रद्दीत जातात. हस्तलिखितांच्या जतनासाठी उज्जैनीत १९३१ मध्ये सिंदिया प्राच्यविद्या संस्था स्थापन झाली. परंतु घरातून बाहेरच न पडलेला कागद कोणतीही संस्था वाचवू शकत नाही.

महाजन घराण्यांनी कुलवृत्तांत सिद्ध करताना वंशावळीबरोबर या कागदांचीही यादी करावी, जाणत्याकडून त्यांचे बाळबोध लिप्यंतर करवून घ्यावे, आणि मूळ प्रती ओल व वाळवी यांपासून जपाव्यात. देवस्थानच्या जुन्या वह्यांशी त्यांतील नावे ताडून पाहावीत. ज्यांनी स्वतःचे घोडे देऊन राज्य राखले, त्यांचे नाव राखण्यास निदान एक रुमाल सोडणे हे वंशजांचे कर्तव्यच होय.