पवनी : वैनगंगेकाठचे प्राचीन नगर

भंडारा म्हटले की पितळेची भांडी आणि नागझिऱ्याचे जंगल आठवते. १९९९ साली जिल्ह्याचे विभाजन झाले आणि नागझिरा गोंदियाकडे गेले. पर्यटकांच्या बोलण्यात ते अजून भंडाऱ्याचेच आहे! भंडाऱ्याकडे आजही असलेला सर्वांत मोलाचा ठेवा मात्र शहराच्या दक्षिणेस सुमारे ४५ किलोमीटरवर, पवनी येथे आहे.

तीन बाजूंनी मातीचा तट व खंदक, चौथ्या बाजूस वैनगंगा, अशी या नगरीची रचना. नदीवरील घाट आणि मंदिरांमुळे तिला ‘विदर्भाची काशी’ म्हणतात. पण तिचा इतिहास या मंदिरांहून कितीतरी जुना आहे. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने डॉ. शां. भा. देव आणि जगतपती जोशी यांच्या नेतृत्वाखाली येथे उत्खनन केले. जगन्नाथ टेकडीखाली बौद्ध स्तूपाचे अवशेष निघाले. त्याच्या दगडी कठड्यावर दानकर्त्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आढळली, तर एका स्तंभावर बुद्धाचे रक्षण करणारा नागराज मुचलिंद. सांची पाहून आलेल्या किती नागपूरकरांनी ही टेकडी पाहिली असेल?

याच तालुक्यात गोसीखुर्द धरण आहे. विस्तीर्ण जलाशय पाहण्यास गर्दी होते. त्याखाली अनेक गावे बुडाली आहेत आणि नागपूरच्या नाग नदीचे सांडपाणीही कन्हानमार्गे येथेच येते, हे तेथे उभे असताना ठाऊक असावे. सवड असल्यास उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य जवळच आहे.