स्वस्त गाडीचा टेकू : मॅकफर्सन स्ट्रटची गोष्ट

सेकंडहँड हॅचबॅक घेतली की सहा महिन्यांत डोक्यात किडा वळवळायला लागतो. आधी म्युझिक सिस्टीम होते, मग अलॉय व्हील, आणि मग एक दिवस गॅरेजवाला बॉनेट दाबून सांगतो, "पुढचे शॉकअप गेलेत, बदलायलाच लागतील." आता कंपनीचेच टाकायचे की जरा भारीतले? या प्रश्नाचं अर्धं उत्तर 1945 च्या डेट्रॉइटमध्ये आहे. म्हणून आजचा एपिसोड इतिहासाचा, पण हात काळे करणारा.

आधी एक गैरसमज काढून टाकू. शॉक ॲब्सॉर्बर धक्का सोसत नाही. धक्का सोसते स्प्रिंग. पण स्प्रिंग दाबली गेली की उसळते, परत दबते, परत उसळते. बग्गीच्या आणि टांग्याच्या वेगाला ते चालून जायचं, कारण पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणानेच उसळी थोडी मरते. मोटारींचा वेग वाढला तसं ते पुरेना. शॉकअपचं काम ही उसळी मारण्याचं. आत तेल असतं, पिस्टनला बारीक भोकं असतात, त्यांतून तेल रेटत पिस्टन खालीवर होतो आणि उसळीची ताकद उष्णतेत जाते. खराब रस्त्यावरून लांबचा पल्ला मारून आल्यावर शॉकअप गरम लागतो तो त्यामुळेच.

सुरुवातीला तर तेलही नव्हतं. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समधल्या त्रुफो नावाच्या माणसाची एक युक्ती अमेरिकेत एडवर्ड हार्टफर्डने विकायला सुरुवात केली. कात्रीसारखे दोन दांडे आणि त्यांच्या सांध्यात घट्ट दाबलेल्या चकत्या, बस्स. त्याच काळात क्लीव्हलंडमध्ये क्लॉड फॉस्टर नावाचा माणूस गाडीच्या धुराड्यातून निघणाऱ्या वायूवर वाजणारे भोंगे बनवायचा. भोंग्याला त्याने तुतारी फुंकणाऱ्या देवदूताचं नाव दिलं : गॅब्रिएल. पुढे त्याच नावाने तो उसळी रोखणारी उपकरणं विकू लागला. हे नाव ओळखीचं वाटतंय ना? 1961 मध्ये मुलुंडला गॅब्रिएल इंडिया सुरू झाली, ती याच वंशातली. आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांखाली एका भोंगेवाल्याचं नाव फिरतंय.

आता मुख्य पात्र. अर्ल मॅकफर्सन. इलिनॉयचा इंजिनिअर, जनरल मोटर्समध्ये नोकरीला. 1945 मध्ये शेव्हरोलेने त्याच्याकडे एका छोट्या गाडीचं काम दिलं. नाव कॅडेट, आणि अट एकच : किंमत हजार डॉलरच्या आत. त्या काळी चांगल्या गाडीच्या पुढच्या चाकाला वर एक आर्म, खाली एक आर्म, मध्ये स्प्रिंग आणि वेगळा शॉकअप असा बराच पसारा असायचा. मॅकफर्सनने वरचा आर्मच काढून टाकला. शॉकअपलाच जाडजूड केलं, त्याच्याभोवती स्प्रिंग बसवली, वरचं टोक थेट बॉडीला जोडलं. चाक धरणं आणि उसळी मारणं, दोन्ही कामं एकाच नळकांड्यावर. स्ट्रट म्हणजे टेकू, आणि हा खरोखरचाच टेकू.

कॅडेट बाजारात आलीच नाही. महायुद्ध संपलेलं, लोक मिळेल ती मोठी गाडी उचलत होते, मग कमी नफ्याची छोटी गाडी कोण बनवणार? 1947 मध्ये प्रकल्प बंद झाला आणि मॅकफर्सन फोर्डमध्ये गेला. तिथे ब्रिटिश फोर्डच्या कॉन्सल आणि झेफर या गाड्यांना 1950 मध्ये त्याचा स्ट्रट लागला, 1953 मध्ये छोट्या अँग्लियालाही. ज्या शेव्हरोलेने हा प्रकल्प गुंडाळला, तिच्या 1980 च्या सायटेशनच्या पुढच्या चाकांना शेवटी मॅकफर्सन स्ट्रटच आले. वीस वर्षं आधीच, 1960 मध्ये, मॅकफर्सन वारला होता.

पण स्ट्रट जगभर पसरला त्याचं मोठं कारण जागा. वरचा आर्म नाही म्हणजे इंजिनाच्या दोन्ही बाजूंना मोकळीक. 1969 च्या फियाट 128 मध्ये इंजिन आडवं ठेवून पुढची चाकं फिरवली आणि त्यांना स्ट्रट दिले. आजची बहुतेक छोटी गाडी याच मांडणीची आहे. आपल्याकडे पद्मिनीला वर-खाली आर्म होते, अँबॅसॅडरला पुढे टॉर्शन बार. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली ती 796 सीसीचं आडवं इंजिन आणि पुढे मॅकफर्सन स्ट्रट घेऊन. हजार डॉलरच्या गाडीचं गणित जपानमार्गे गुडगावला पोचलं!

आता अपग्रेडकडे येऊ. साध्या शॉकअपवर बाजूने फारसा भार नसतो. स्ट्रटवर असतो, कारण वळताना, ब्रेक मारताना चाक सरळ ठेवण्यात त्याचाही वाटा आहे. म्हणून स्ट्रट झिजला की नुसती गाडी उड्या मारत नाही, टायर एका कडेने खायला लागतात आणि ब्रेक मारताना नाक जास्त खाली जातं. अशी गाडी असेल तर पहिलं अपग्रेड म्हणजे एकाच ॲक्सलचे दोन्ही नवे, कंपनीच्या मापाचे स्ट्रट. सोबत टॉप माउंट आणि त्याचं बेअरिंग, आणि शेवटी व्हील अलाइनमेंट. हे ऐकायला कंटाळवाणं आहे, मान्य. पण जुन्या गाडीत सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो, असं माझं मत.

मग गॅसचे शॉकअप? साध्या नळीत तेल आणि हवा एकत्र असतात, सतत हलून फेस होतो आणि फेसाळलेलं तेल उसळी धरत नाही. फ्रान्सच्या दे कार्बोंने गॅस आणि तेल यांच्यामध्ये एक सरकती चकती टाकून हा घोळ मिटवला. जर्मनीच्या बिलस्टाइनने तेच तंत्र पुढे नेलं. त्यांच्या स्ट्रटमध्ये एक गंमत असते : आतला भाग उलटा बसवलेला. बारीक दांड्याऐवजी जाड नळीच सरकते, म्हणजे बाजूचा भार ती घेते. मॅकफर्सनने पैसे वाचवायला जी तडजोड केली, तिच्यावरचा हा महागडा इलाज आहे. घाटात नेहमी भरधाव जाणाऱ्याला तो कळेल. ऑफिस आणि डी-मार्ट एवढंच फिरणाऱ्याने पैसे टायरवर घालावेत.

आणि स्प्रिंग कापून गाडी बसवणारे जे आहेत ना, त्यांच्यासाठी खास. कापलेली स्प्रिंग कडक होते, पण शॉकअप जुन्या स्प्रिंगच्या हिशोबाने बनलेला, त्याला तिची उसळी आवरत नाही. चाक लोंबकळलं की आखूड स्प्रिंग जागेवरून सुटू शकते. शिवाय गाडी फार खाली आली की खालच्या आर्मचं चाकाकडचं टोक वर जातं, आणि स्ट्रटच्या गाडीत त्यामुळे वळणावर कलंडायला लावणारा जोर उलट वाढतो. म्हणजे दिसायला रेसिंग कार, आणि घाटातल्या वळणावर मात्र बॉडी झुकतेय.

टायरची रबराची कड एकदा हाताने चाचपून बघा. आतल्या आणि बाहेरच्या बाजूत फरक लागला, तर गॅरेजवाल्याला आधी स्ट्रट आणि टॉप माउंट तपासायला सांगा, अलाइनमेंट त्यानंतर.