शिकागोच्या शाळा आणि १९३३ची काटकसर

शिकागो शहराच्या सार्वजनिक शाळांची तिजोरी महामंदीने रिकामी केली, असे सामान्यतः सांगण्यात येते. परंतु तिला गळती लागली ती मंदीच्या आधीच. १९२८ साली तेथील स्थावर मालमत्तेची आकारणी नव्याने करण्याचा हुकूम झाला, त्या खटाटोपात कराची वसुली दीर्घकाळ तहकूब राहिली, आणि ती पुन्हा सुरू होते न होते तोच मंदीने गाठल्यामुळे अनेक मालमत्तादारांनी संघटितपणे कर भरण्याचेच नाकारले. शाळांचा मुख्य आधार हाच कर असल्याने त्याची झळ शिक्षकांना बसली.

१९३१पासून पगार थकू लागला. रोख रकमेऐवजी भावी करवसुलीच्या भरवशावर काढलेले कागदी रोखे शिक्षकांच्या हातावर पडू लागले. दुकानदार ते घेत, पण दर्शनी किमतीला कसर लावून. विम्यावर कर्ज काढावे, घर गहाण टाकावे, सावकाराचा तगादा सोसावा आणि सकाळी नियमाने वर्गावर उभे राहावे, असा कित्येकांचा क्रम झाला. आणि अशा स्थितीतही उपाशी येणाऱ्या मुलांच्या जेवणासाठी त्यांनी आपसांत वर्गणी काढली, ही गोष्ट मला या सबंध इतिहासात सर्वांत थोर वाटते.

एप्रिल १९३३मध्ये मात्र संयम सुटला. जॉन फ्यूक्स नावाच्या व्यायामशिक्षकाच्या पुढाकाराने हजारो शिक्षक शहरातील बड्या बँकांवर चालून गेले. एरवी वर्गात शिस्त राखणाऱ्या त्या स्त्री-पुरुषांनी बँकांच्या दालनांत टेबले उलथली, भिंतींवर शाई फेकली. त्यांपैकी एका बँकेचे प्रमुख चार्ल्स डॉझ हे देशाचे माजी उपराष्ट्राध्यक्ष होते, आणि त्यांच्या आधीच्या पेढीला आदल्याच वर्षी संघराज्याच्या खजिन्यातून नऊ कोटी डॉलरांचे कर्ज मंजूर झाले होते.

१२ जुलै १९३३ रोजी शिक्षण मंडळाने काटकसरीचा ठराव केला. कनिष्ठ माध्यमिक शाळा रद्द झाल्या, बालवर्ग निम्म्यावर आले, क्रेन कनिष्ठ महाविद्यालयाला टाळे लागले, दोन प्राथमिक शाळांचा कारभार एकाच मुख्याध्यापकाकडे आला, आणि सुमारे १,४०० शिक्षक बडतर्फ झाले. महिनोन्महिने पगार नसताना ज्यांनी शाळा सोडली नव्हती, त्यांनाच बाहेरची वाट दाखविण्यात आली. शिकागो विद्यापीठातील चार्ल्स जड यांच्यासारख्या शिक्षणशास्त्रज्ञांनी विरोध केला, शिकागो स्टेडियममध्ये विराट सभा भरली, तरी मंडळ हलले नाही. आणि त्याच उन्हाळ्यात त्याच शहरात ‘प्रगतीचे शतक’ या नावाने जागतिक प्रदर्शन चालू होते.

शाळेच्या खर्चावर कात्री चालविण्यापूर्वी कर कोणी बुडविला हे पाहावे, हा मार्ग याच शहरातील शिक्षिकांनी एका पिढीपूर्वी घालून दिला होता. १९००च्या सुमारास मार्गारेट हेली आणि कॅथरिन गॉगिन यांनी ट्राम, गॅस व विजेच्या कंपन्या आपल्या सनदांवरील कर भरीत नाहीत हे सरकारी दप्तरे धुंडाळून उघडकीस आणले, आणि तो दावा इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढवून जिंकला. १९३३ साली मंडळाने त्या दिशेला पाहिलेही नाही, याचा विषाद वाटल्यावाचून राहत नाही.

थकलेला पगार १९३४ साली संघराज्याच्या कर्जातून चुकता झाला. १९३७ साली निरनिराळ्या शिक्षक-संघटनांनी एकत्र येऊन शिकागो शिक्षक संघ स्थापन केला, आणि त्याचे पहिले अध्यक्षपद फ्यूक्स यांच्याकडे आले.