संचालन प्रणालीचे श्रेणीवर्धन

संचालन प्रणालीचे श्रेणीवर्धन म्हणजे संगणकावर असलेल्या संचालन प्रणालीच्या जागी तिचीच पुढील मुख्य आवृत्ती बसविणे होय, उदा. विंडोज १० च्या जागी विंडोज ११, किंवा उबुंटू २२.०४ च्या जागी २४.०४. दरमहा येणाऱ्या सुरक्षाविषयक दुरुस्त्यांहून ही क्रिया वेगळी आहे. तीत प्रणालीचा गाभा, ड्रायव्हर आणि टंक (फाँट) हे सर्वच बदलू शकतात.

कारणे

उत्पादक ठरावीक तारखेनंतर जुन्या आवृत्तीचे पाठबळ थांबवितो. विंडोज एक्सपीचे पाठबळ ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चे १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. संगणक त्यानंतरही चालतो. मात्र नव्याने आढळणाऱ्या सुरक्षात्रुटी बुजविल्या जात नाहीत. विंडोज ११ साठी ६४ बिटांचा प्रोसेसर, किमान ४ जीबी रॅम व टीपीएम २.० आवश्यक असल्याने सुस्थितीतील अनेक संगणकही अपात्र ठरतात. अशा संगणकांवर लिनक्स बसविता येते. सी-डॅकने विकसित केलेली 'बॉस' ही त्यांपैकीच एक प्रणाली.

मराठी मजकुराचा प्रश्न

मराठी वापरकर्त्यांच्या दृष्टीने खरी अडचण येथे आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी सातारा, सांगलीपासून मुंबईपर्यंतचे छापखाने व कार्यालये श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या पॅकेजांतील टंक वापरीत. या टंकांत देवनागरी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या सांकेतिक स्थानांवर बसविलेले असत. टंक नसेल, तर तोच मजकूर निरर्थक रोमन अक्षरांच्या स्वरूपात दिसतो. प्रत्येक टंकाची मांडणी निराळी असल्याने युनिकोडमध्ये रूपांतर करण्यासाठी मूळ टंक कोणता, हे ठाऊक असावे लागते. आहे त्या प्रणालीवरच श्रेणीवर्धन केल्यास बसविलेले टंक बहुधा टिकतात. डिस्क पुसून नवी स्थापना केल्यास ते जातात. दुरुस्तीस दिलेला संगणक पुष्कळदा या दुसऱ्याच पद्धतीने परत येतो, हे ध्यानात ठेवलेले बरे.

दुसरीकडे, मराठीला श्रेणीवर्धनाचा लाभही मोठा झाला. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय प्रथम आली व तिच्यासोबत र. कृ. जोशी यांनी आरेखित केलेला 'मंगल' हा टंक आला. एक्सपीमध्ये ही सोय सीडीवरून वेगळी सुरू करावी लागे. व्हिस्टापासून ती अंगभूत झाली. मराठीतील 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली समाविष्ट झाल्याने एक्सपीच्या मूळ मंगल टंकात त्या जागी रिकामा चौकोन उमटे. वाई (जि. सातारा) येथून प्रकाशित झालेला मराठी विश्वकोश आज महाजालावर कोणत्याही विशेष टंकाविना वाचता येतो, तो युनिकोडमुळेच.

पूर्वतयारी

सर्व फायलींची प्रत, तसेच जुन्या टंकांच्या फायली, बाहेरील डिस्कवर घेणे अनिवार्य मानावे. ती डिस्क त्याच इमारतीत असू नये: ऑगस्ट २०१९ मधील कृष्णेच्या पुरात सांगली शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता; अशा वेळी संगणक आणि त्याची प्रत दोन्ही एकदमच बुडतात. छपाईयंत्र व स्कॅनर यांचे ६४ बिटांचे ड्रायव्हर उपलब्ध आहेत का, हेही आधी पाहावे. ३२ बिटांचे ड्रायव्हर ६४ बिटांच्या विंडोजवर चालत नाहीत. काम चालू असता वीज गेल्यास प्रणाली अर्धवट राहू शकते, म्हणून यूपीएस हवा.

विंडोज १० व ११ मध्ये श्रेणीवर्धनानंतर साधारणतः १० दिवसांपर्यंत पूर्वीच्या आवृत्तीकडे परतता येते. तोवर 'विंडोज.ओल्ड' हे फोल्डर पुसू नये.