खुणेच्या वर गेलेलं ऑइल

त्या रात्री मी बसमध्ये नव्हतो. दुसऱ्या दिवशी टोचन लावून ती माझ्या गॅरेजच्या दारात आली. ड्रायव्हरमामांनी जे सांगितलं आणि इंजिन उघडल्यावर जे दिसलं, ते जुळवून हा घटनाक्रम लिहितो आहे. मालकाचं नाव सांगत नाही. अशा जुन्या गाड्या रस्त्यावर अजून खूप आहेत, आणि रात्री त्यात माणसं झोपलेली असतात.

संध्याकाळी ५:००
दोन दिवसांपासून गरम इंजिन आयडलिंगला आलं की ऑइलचा दिवा लुकलुकत होता. वायरमनने स्विच खराब ठरवून वायरच काढून ठेवली. या दिव्याला स्विचमधून अर्थिंग मिळतं. प्रेशर पडलं की तो लागतो. वायर काढली की प्रेशर शून्यावर आलं तरी लागत नाही.

खरं तर काम अर्ध्या तासाचं होतं. स्विच काढायचा, त्या जागी हातातला मीटर बसवायचा आणि इंजिन चांगलं गरम करून बघायचं. अशा सहा सिलिंडरच्या जुन्या डिझेल इंजिनाला गरम झाल्यावर आयडलिंगला साधारण १ किलो आणि पळताना ३ ते ५ किलो प्रेशर लागतं. मीटरनेही कमी दाखवलं, तर दोष स्विचचा नाही, इंजिनाचा.

रात्री ९:३०
क्लीनरने डिपस्टिक काढून बघितली. "मामा, ऑइल वरच्या खुणेच्याही वर आहे. टाकायला नको."

मामा निश्चिंत झाले. या एका वाक्यापाशी मी पुन्हा पुन्हा येतो. इंजिनातलं ऑइल कमी होतं, आपोआप वाढत कधीच नाही. वाढलं म्हणजे त्यात काहीतरी मिसळतंय. पाणी मिसळलं तर ऑइल ताकासारखं पांढुरकं होतं. डिझेल मिसळलं तर रंग काळाच राहतो, म्हणून डोळा फसतो. डिपस्टिक नाकाशी न्यावी, दोन बोटांत ऑइल चोळावं, एक थेंब वर्तमानपत्राच्या कागदावर टाकावा. डिझेल असेल तर वास येतो, बोटांना चिकटपणा लागत नाही आणि थेंबाभोवती फिकट कडं पसरत जातं.

क्रँक आणि बेअरिंग यांच्यात जेमतेम केसाएवढी फट असते. त्या फटीतल्या ऑइलच्या थरावर क्रँक तरंगतो. ऑइल पातळ झालं की ते कडेने निसटतं. पंपाने कितीही ढकललं तरी थर टिकत नाही. पातळी भरपूर आणि प्रेशर नाही, अशी गाडी त्या रात्री उभी होती.

१०:३०, स्वारगेट
मामांनी चावी फिरवली. इंजिन सुरू होण्याआधी ऑइलचा दिवा लागायलाच हवा. तो लागला नाही. अंधारात, प्रवाशांच्या गडबडीत ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

१०:५५, कात्रजची चढण
ऑइल प्रेशरचा काटा २ किलोवर. थंड इंजिन सुरू केलं तेव्हा ४ वर होता.

११:५०, शिरवळ
चहाचा थांबा. इंजिन चालूच. आयडलिंगला काटा तळाला टेकला. रेस दिली की थोडा उठायचा. मामांनी मालकाला फोन लावला. "शेठ, प्रेशर धरत नाही."

"कोल्हापूरला पोचवा मामा, सकाळी बघू."

मागे ३८ प्रवासी, मध्यरात्र, दुसरी गाडी नाही. मामांना मी दोष देऊ शकत नाही. पण तिथे इंजिन बंद केलं असतं तर फार तर बेअरिंगं बदलून भागलं असतं.

१२:३५, खंबाटकी घाट
तेव्हा बोगदा परतीच्या वाहनांसाठी होता. साताऱ्याकडे जाताना घाट चढावाच लागायचा. भरलेली गाडी, खालचा गिअर, पूर्ण लोड. खालून ठक ठक ऐकू येऊ लागलं. रेस वाढली की ठोका वाढायचा.

१२:४१
एक दणका. कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला, गरम ऑइल रस्त्यावर सांडलं, इंजिन जाम झालं. गाडी चढावर थबकली आणि इंचभर मागे सरकली. ब्रेकच्या टाकीतली हवा शिल्लक होती म्हणून ब्रेक धरले. क्लीनरने उडी मारून मागच्या चाकाला दगड लावले. पोरांना चादरीत गुंडाळून लोक कठड्याशी उभे राहिले. कोणाला खरचटलंही नाही.

दुसरा दिवस, सकाळी ११:००
इंजिनाखालचा ऑइल संप खाली घेतला आणि डिझेलचा भपकारा आला. ऑइल पंप ठीक होता, रिलीफ व्हॉल्व्ह मोकळा, जाळी साफ. पाचव्या रॉडच्या बेअरिंगच्या दोन्ही वाट्या फिरून एकमेकींवर चढल्या होत्या, जळून निळ्या पडलेल्या.

मग डिझेल पंपाच्या अंगावरचा फीड पंप काढला. या पंपाला इंजिनाच्याच ऑइलचं वंगण असतं, त्यामुळे फीड पंपाच्या दांडीच्या कडेने गळलेलं डिझेल थेट संपात जातं. बाहेर ओल दिसतच नाही. मी तो व्हाइसमध्ये धरून हाताने डिझेल भरलं. दांडीच्या कडेला थेंब जमला, लोंबला, पडला. घड्याळ लावून मोजलं: मिनिटाला साधारण १ मिलिलिटर. गाडी रोज १० तास चालायची. दिवसाला ६०० मिलिलिटर. "ऑइल बदलून किती दिवस झाले?" मी मामांना विचारलं.

त्यांनी बोटांवर मोजलं. "आठ."